भाटकाराची बदली

एकोणीसशे त्र्याहत्तर साल. तारीखही सांगते, सतरा एप्रिल. त्या दिवशी आमच्या ह्यांच्या हातात पणजीला बदली झाल्याचा कागद पडला, आणि संध्याकाळी डिचोलीच्या बाजारात तीन बायकांनी तो कागद न पाहता मला त्यातला मजकूर सांगितला. बढती होती, पगार वाढणार होता. मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो पणजीत खिडक्यांना पडदे लावायला मिळणार याचा. डिचोलीत पडदा लावून उपयोग नसे. खनिजाचे ट्रक दारावरून जात आणि आठवड्याभरात कुठल्याही रंगाचा पडदा तांबडा होई.

पणजीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. एक जूनपासून राहायला जायचं ठरलं. घरमालकांनी अकरा अटींचा कागद दिला. सातव्या अटीत गच्चीवर पापड वाळत घालू नयेत असं होतं, त्यावर मी पुष्कळ वाद घातला. वाद घालण्याच्या नादात सहावी अट वाचायची राहिली. घरी येऊन ह्यांनी सासूबाईंना कागद मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा कळलं. कुत्रा, मांजर, पोपट यांपैकी काही पाळता येणार नाही.

सासूबाई सोप्यावर बसल्या होत्या आणि भाटकार त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून झोपला होता. भाटकार म्हणजे आमचा कुत्रा. गोव्यात जमीनदाराला भाटकार म्हणतात, आणि हा दारात आडवा पसरून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच तोऱ्यात बघायचा, म्हणून मामंजींनी त्याला ते नाव दिलं होतं. आमच्या घराची खरी मालकीण, शेजारची चंद्रावतीबाय, त्याला त्या नावानं कधी हाक मारत नसे. "अरे ए," एवढंच म्हणे.

"सुण्याक बरें घर जाय," सासूबाई म्हणाल्या. "ताची सोय जाली की मागीर म्हजी. तोमेर हांव हांगाच्यान हालचें ना."

सुणो म्हणजे कुत्रा; त्याची सोय होईपर्यंत त्या इथून हलणार नव्हत्या. त्यांचं बोलणं तेवढंच. मामंजी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्या आमच्याशी कामापुरतं बोलत. बाकीचं सगळं भाटकाराशी. संध्याकाळी पोदेर पाव घेऊन आला की एक उंडो मोडून अर्धा त्याला, अर्धा स्वतः, आणि मग दोघांची बोलणी चालत. मी आतून ऐकत असे. माझ्याबद्दलही बरंच असे, पण वाईट नसे.

हे एकुलते एक. आईला मागे ठेवून निघून गेलेला मुलगा त्या काळात डिचोलीत एकच होता, आणि अकरा वर्षांनंतरही लोक त्याचं नाव खाली मान घालून घेत. तेव्हा आईशिवाय पणजीला जाणं शक्य नव्हतं. कुत्र्याला घर मिळाल्याशिवाय आई येणार नव्हती. म्हणजे माझे पडदे, ह्यांची बढती आणि सरकारचं एक खातं, इतक्या गोष्टी एका कुत्र्याच्या सोयीवर अडकल्या.

डिचोलीत सल्ला मागावा लागत नाही. कोणी म्हणालं, देवळात सोडा. कोणी म्हणालं, खाणीवर सोडा, रखवालदार सांभाळतात. चंद्रावतीबाय रोज सकाळी कुंपणापाशी येऊन नवा सल्ला देई आणि संध्याकाळी तो मागे घेई. आमच्या मागच्या खोलीत सखाराम नावाचा ट्रक ड्रायव्हर राहायचा, सावंतवाडीकडचा. तो म्हणाला, "वयनी, कुत्रो द्येवचो म्हणजे गावात द्येव नये. तीन नदये ओलांडून द्येवचो. एक नदी तेका आठावता, दोन आठावतत, तिसरेक तो गोंधाळता." तीन नद्या कुठून आणायच्या हे त्यालाही माहीत नव्हतं.

शेवटी दोन घरं पुढे आली. एक वाळपईचं. तिथे ह्यांच्या कचेरीतले मधुकरराव राहत. मोठं अंगण, काजूची बाग, आणि बागेत माकडं. दुसरं मांद्र्याचं. ह्यांचा मामेभाऊ गोकुळदास, समुद्राला लागून माड, आणि माडांवर चोरांचा डोळा. दोघांनाही कुत्रा हवा होता. हे म्हणाले, वाळपई. मी म्हटलं, मांद्रे, कारण भेटायला जायच्या निमित्तानं समुद्र तरी दिसेल. सासूबाई म्हणाल्या, "देवीक विचारया."

आमच्याकडे लग्न, घर, आजारपण, सगळ्याला ग्रामदेवीचा कौल लावतात. कुत्र्यासाठी लावल्याचं ऐकिवात नव्हतं. देवळाचे महादेवभटजी आधी हसले, मग सासूबाईंच्या तोंडाकडे पाहून तयारीला लागले. पिटकोळीच्या फुलाच्या तांबड्या पाकळ्या त्यांनी पाण्यात भिजवल्या आणि देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी पडली तर मांद्रे, डावी पडली तर वाळपई, असं आम्ही बाहेर पायरीवर ठरवलं होतं. चंद्रावतीबाय सोबत आली होती, न बोलावता. ती म्हणाली, "देवीक अशीं दोन घरां दाखोवन निवड म्हणूं नये गो. हय काय न्हय, इतलेंच विचारचें." भटजींनी तिला हातानं गप्प केलं.

"यशोदाबाय, मनांत धर," ते म्हणाले. "मोठ्यान उलोवचें न्हय. देवी आयकता."

सासूबाईंनी डोळे मिटले. कौल म्हणजे कधी कधी तासभर बसावं लागतं. हे रजा न टाकता आले होते, सारखे घड्याळ बघत होते. पण सासूबाईंनी हात जोडले न जोडले तोच डावी पाकळी टपकन खाली पडली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात वाळपई होती. सासूबाईंनी पाकळी उचलली, कपाळाला लावली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. परतताना त्या गुणगुणत होत्या. कुत्र्याच्या कौलाची पाकळी कोणी पदरात बांधतं का, असा विचार माझ्या मनात आला, पण मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मांद्रे हुकल्याच्या रागात होते.

रविवारी सखारामच्या ओळखीच्या ट्रकमधून भाटकाराची पाठवणी झाली. सखाराम म्हणाला, गाऱ्हाणं घातल्याशिवाय मुका जीव उंबऱ्याबाहेर काढायचा नाही. अंगणात नारळ ठेवला आणि त्यानं सुरू केलं:

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो मुको जीव ह्या घराचो उंबरो सोडून परगावाक चललो हा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"तेका थंय पोटभर अन्न गावू दे, कोणाची काठी तेच्या पाठीर पडू नये..."

"व्हय म्हाराजा."

"आणि गेलो तो थंयच सुखान रवू दे, परत फिरान येव नये, असा कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी आवाज एकानं कमी होता. सासूबाई भाटकाराच्या कानातली गोचीड काढत होत्या.

मंगळवारी भाटकार परत आला. चालत नव्हे. वाळपईहून येणाऱ्या कारेरीतून, म्हणजे बसमधून, पुढच्या सीटवर बसून. कंडक्टर म्हणाला, "तुमचो सुणो हाडला. वाळपयच्या बाजारांत वाट चुकून भोंवतालो बिचारो." त्याला चहा द्यावा लागला. चूक त्याची नव्हती. डिचोली ते वाळपई रस्त्यावरचा प्रत्येक माणूस भाटकाराला ओळखत होता, कारण आमच्या दारातून गेल्याशिवाय बाजारात जाता येत नसे आणि भाटकाराने पाहिल्याशिवाय दारातून जाता येत नसे.

परत पाठवला. गुरुवारी सखारामच आपल्या ट्रकातून घेऊन आला. "वयनी, तिठ्यार बसलेलो. माका बघल्यान आणि उडी मारून केबिनीत. म्हटलंय, आपलो माणूस, कसो सोडू?" मी म्हटलं, अरे, गाऱ्हाणं तूच घातलंस ना? त्यानं जीभ चावली. "गाऱ्हाण्याचा ध्यानातच रवला नाय."

तिसऱ्यांदा पाठवला, तिसऱ्यांदा एका पोस्टमननं आणून दिला, सायकलच्या मागे बांधलेल्या टोपलीतून. टपालाची वस्तू पत्त्यावर पोचवावी तसा तो गंभीर होता. मधुकररावांचं पत्र पाठोपाठ आलं. आमच्याकडे कुत्रासुद्धा टिकत नाही अशी वाळपईत चर्चा सुरू झाली आहे, तरी कृपया पुन्हा पाठवू नये.

यावर ह्यांनी विचार करून निष्कर्ष काढला की दोष गळ्यातल्या बिल्ल्याचा आहे. भाटकाराच्या गळ्यात परवान्याचा पितळी बिल्ला होता, त्यावर नंबर आणि डिचोली. कोणीही वाचून परत आणणारच. मी म्हटलं, बिल्ला काढून टाका. हे सरकारी नोकर. सरकारनं घातलेला बिल्ला सरकारनंच काढायचा असं त्यांचं मत. म्हणून अर्ज केला. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, तिथली माणसं चांगली होती आणि पंखा बंद होता. कारकुनानं परवाना रद्द करण्याचा फॉर्म काढला. त्यात कारणाचा एकच रकाना होता: मृत्यू.

"कुत्रा जिवंत आहे," हे म्हणाले.

"मग रद्द कसा करणार?"

"दुसऱ्या गावी जाणार आहे."

"जाऊ दे. परवाना इथेच राहील. मेल्यावर या." मग त्याला दया आली. "रघुनाथबाब, मेलो म्हण बरोवन मोकळे जायात. कोण पळोवपाक येता?"

बघायला कोण येतंय, या हिशेबानं हे घरी येऊन ते कारण भरण्याच्या बेतात होते. पेन उघडलंसुद्धा. सासूबाई आतून आल्या. "जित्या जनावराक मेलो म्हण कागदार बरयतलो तूं? आणि तें म्हज्या दारांत बसून?" पेन बंद झालं. बिल्ला राहिला.

मे महिना अर्धा संपला. मी पडद्यांना चुन्या घालत होते. हे म्हणाले, कौल वाळपईचा होता, तो आपण पाळला, आता देवीची काही हरकत नसावी. सासूबाई म्हणाल्या, "देवीन मांद्र्याचें कांयच सांगूंक ना." चंद्रावतीबाय कुंपणावरून म्हणाली की कौल मोडला तर घरात काहीतरी होतंच, तिच्या नणंदेनं मोडला होता आणि तिची म्हैस विहिरीत पडली. आमच्याकडे म्हैस नव्हती. ह्यांनी तो मुद्दा पकडला आणि गोकुळदासला निरोप धाडला.

गोकुळदास स्वतः न्यायला आला. म्हापशापर्यंत कारेर, पुढे शिवोलीला, मग फेरीबोटीनं नदी ओलांडून चोपड्याला, तिथून चालत मांद्र्याला. निदान एक नदी तरी झाली. त्या बाजूला भाटकाराला ओळखणारं कोणी नव्हतं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पोदेर आला तेव्हा त्यांनी सवयीनं उंडो मोडला आणि अर्धा हातात धरून बसल्या. मी पाहिलं, आणि शिवणाच्या मशीनवर परत जाऊन बसले. ते आज आठवलं की मला स्वतःचा राग येतो, पण तेव्हा शेवटचा पडदा राहिला होता.

आठवडा शांत गेला. ह्यांनी सामान बांधायला गोणपाट आणलं. नवव्या दिवशी दुपारी गोकुळदास दारात उभा. सोबत एक पांढराशुभ्र कुत्रा, बरगड्या दिसत असलेला.

"हा कोण?" हे म्हणाले. "आणि आमचा कुठे आहे?"

मीसुद्धा ओळखला नाही. भाटकार जन्मल्यापासून तांबूस होता. तो मुळात पांढरा आहे आणि तांबडा रंग खनिजाच्या धुळीचा आहे, हे आम्हाला सहा वर्षांत कळलं नव्हतं. सासूबाई मात्र सोप्यावरून उठल्याही नाहीत, नुसता हात पुढे केला, आणि तो जाऊन त्यांच्या मांडीत तोंड घालून पडला. भुंकायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

"ताळो बसला ताचो," गोकुळदास म्हणाला. त्यालाही बसायला सांगायचं आम्हाला सुचलं नव्हतं. "वयनी, ह्या सुण्याक दर्या कळना. लाट आयली की भुंकून धांवता. लाट फाटीं सरता. ताका दिसता आपणेंच धांवडायली. दिमाखान शेंपडी हालोवन परत फिरता, तितल्यान दुसरी येता. सकाळ फुडें सुरू, सांज मेरेन. जेवपाक उलो मारलो तर म्हजेकडेन पळयता, म्हण्टा, हांव जेवलों तर हांगा पळोवपाचें कोणें?"

"आणि माड?" ह्यांनी विचारलं.

"माडांवेले नाल्ल चोरान तीन फावट व्हेले. हो दर्याक धांवडायतालो."

चोरांनी तीनदा नारळ नेले आणि आमचा भाटकार समुद्राला हुसकावत बसला होता. मला हसू आवरेना. हे चिडले. आजपर्यंत त्यांनी धीर धरला होता, तो त्या गोणपाटावर संपला. सहा दिवस राहिलेत, कुत्र्यापायी माझी वाळपईत शोभा झाली, मांद्र्यात शोभा झाली, कचेरीत लोक मला भाटकार म्हणून हाक मारतात, वगैरे. चंद्रावतीबाय कुंपणापाशी पोचलीच होती. "सांगिल्लें न्हय? कौल मोडलो. देवीन वाळपय म्हळें, तुमी मांद्रें धाडलो."

"देवीन वाळपय म्हणूंक ना," सासूबाई म्हणाल्या.

त्या कुत्र्याच्या पाठीवरची वाळू झाडत होत्या.

"डावी पाकळी पडली, आई," हे म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी पाहिली."

"पडली. पूण तो सुण्याचो कौल न्हय. तो म्हजो."

आणि मग एका वाक्यामागून एक, भाटकाराशी बोलावं तशा सुरात, त्यांनी सांगितलं. भटजी म्हणाले, मनात धर. डोळे मिटल्यावर त्यांच्या मनात कुत्रा आलाच नाही. त्यांनी देवीला विचारलं, मी पणजीला जाऊ का? जायचं असेल तर उजवी दे, नको असेल तर डावी. देवीनं घटकाभरसुद्धा विचार केला नाही.

म्हणजे महिनाभर आम्ही सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर कुत्र्याच्या गळ्यात बांधून त्याला ट्रकातून, बसमधून, फेरीतून फिरवत होतो. बिचाऱ्या मधुकररावांनी तर देवीनं दिलेला कुत्रा म्हणून पहिल्या दिवशी त्याला ओवाळला होता.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तूं इतलें हावसेन पडदे शिवतालें. म्हाका सांगूंक जालें ना गो." मग म्हणाल्या, "हांगा सोप्यार बसलें की वाटेन वतल्या चार जाणांचें तोंड दिसता. थंय दुसऱ्या माळ्यार म्हजें तोंड कोण पळयतलो? तुमी दोगांय कामांत. हो आसलो जाल्यार गजाल वेगळी."

हे गोणपाटावर बसले. मला वाटलं चिडतील, पण आवाज अगदी लहान आला. "लोक म्हणतील, रघुनाथ आईला कुत्र्यापाशी टाकून गेला."

"ना रे," सासूबाई म्हणाल्या. "म्हणतले, सुण्याक आवयकडेन दवरून गेलो. बरें घर सोदतालो न्हय तूं ताका? मेळ्ळें तें."

म्हणजे भाटकारासाठी महिनाभर शोधलेलं बरं घर आमचंच निघालं. चंद्रावतीबाय जाता जाता म्हणाली, घरभाडं तेच राहील, आणि कुत्र्याचं नाव काय म्हणालात?

आम्ही दोघेच एक जूनला पणजीला गेलो. खिडकीला पडदे लावले. दर शनिवारी दुपारी हे डिचोलीची बस पकडत आणि सोमवारी सकाळी परत येत. पहिले काही महिने बाजारात लोकांनी त्यांच्याकडे पाहून माना खाली घातल्या. दर आठवड्याला येणाऱ्याला किती दिवस खाली मान घालून बघणार? हळूहळू माना वर आल्या.

भाटकार पंधरा दिवसांत पुन्हा तांबडा झाला आणि सात वर्षं जगला. शेवटची दोन वर्षं त्याला दिसत नव्हतं, तरी दारातून कोण गेलं ते तो सांगे. परवाना रद्द करायला ह्यांनी तोच फॉर्म भरला. तोच कारकून होता. त्यानं खुर्ची पुढे केली.

सासूबाई त्यानंतर आणखी चार वर्षं सोप्यावर बसल्या. आजारपण तीन दिवसांचं. त्यांच्या शेवटच्या दिवाळीत मी त्यांना विचारलं होतं, आई, त्या दिवशी उजवी पाकळी पडली असती तर? त्या म्हणाल्या, "तर भटाक सांगतलें आसलें, वारो आयलो, परत लाय."

चंद्रावतीबायनं त्यांच्या बाराव्याला सगळा स्वयंपाक केला आणि कोणालाही सल्ला दिला नाही. नंतर ती मुलीकडे बेळगावला गेली. सखारामनं खाण बंद पडायच्या खूप आधीच स्वतःचा ट्रक घेतला, मग विकला, आणि गावी जाऊन सुपारी लावली. दर चतुर्थीला त्याचं पत्र येई, शेवटी नेहमी "व्हय म्हाराजा." मधुकररावांनी आमच्याशी बोलणं पुन्हा सुरू केलं ते निवृत्तीच्या समारंभात. गोकुळदासच्या मुलांनी माड काढून तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. मला एकदा नेलं, पैसे घेतले नाहीत, आणि समुद्राकडे तोंड असलेली खोली दिली. सबंध दुपार मी लाटा बघत बसले.

हे दोन हजार नऊ साली गेले. मी पणजीतच आहे, मुलाकडे, पाचव्या मजल्यावर, लिफ्ट आहे. मागच्या वर्षी एका लग्नाला डिचोलीला गेले होते तेव्हा वाट वाकडी करून आमच्या घरापाशी उतरले. सोपा काढून तिथे काचेचं दार बसवलंय, मोबाईलचं दुकान आहे. आतल्या मुलीनं विचारलं, "आजी, काय पाहिजे?" काय पाहिजे ते मला तिला सांगता आलं नाही. नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून फोनचं एक कव्हर घेऊन आले. माझ्या फोनला ते बसत नाही.